आमची १९९७ ची मारुती ८००, येवल्याचा माग आणि हमामात्सूचा सुतार

येवलेकर

परवा गाडीला एचएसआरपी, म्हणजे ती नवी सक्तीची नंबरप्लेट, बसवून आणली आणि काढलेली जुनी प्लेट हातात घेऊन पार्किंगमध्येच बसून राहिलो. एमएच १५ आणि पुढचे आकडे वडिलांनी येवल्यात हातानं रंगवून घेतले होते. त्यातल्या पाचाची शेपटी जरा जास्तच वळलेली आहे. वडील म्हणायचे, पैठणीतल्या मोराचं शेपूट आहे ते, राहू दे.

मुद्द्यावर येतो. गाडी १९९७ च्या दसऱ्याची, मारुती ८००. कार्ब्युरेटर, चार गिअर, थंड गाडी चालू करायला ओढायचा चोक. २०२२ ला नोंदणी वाढवली तेव्हा पाच हजार भरले. आता वीस वर्षांवरच्या गाडीचे दहा हजार झालेत, वर पर्यावरण कर. म्हणजे २०२७ च्या दसऱ्याला पुन्हा खिसा मोकळा. नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत पार्किंग एकच, तिथे बायकोची गाडी. ही बाहेर निंबाखाली उभी असते, कावळ्यांनी रंगवलेली. घरात एकच सूर आहे, स्क्रॅपला देऊन टाका. मला ठरवता येत नाही, म्हणून इथे फोरमवर हा धागा.

ठरवता न येण्याचं कारण ऐकून हसाल. आमचं घर विणकरांचं. आजोबा आणि काका खड्ड्यातल्या मागावर बसले, वडील पैठण्या विकायला बाहेर पडले. आणि मला फार उशिरा कळलं की ज्या सुझुकीची ही गाडी, ती कंपनी मुळात माग बनवणारी. मिचिओ सुझुकी हा शेतकऱ्याचा मुलगा, सुतारकाम शिकलेला. त्यानं १९०९ साली जपानच्या हमामात्सू गावात मागाचा कारखाना काढला. लाकडी माग, पायानं चालवायचे, म्हणजे आपल्या पावड्यांचेच (मागाच्या पायपट्ट्यांचेच) भाऊबंद. १९२० ला रीतसर कंपनी झाली. १९२९ ला त्यानं नव्या धर्तीचा माग काढला, तो परदेशी जायला लागला. पहिली तीस वर्षं या माणसानं मागच केले.

मोटारीचा नाद १९३७ च्या सुमारास लागला. चार सिलिंडरचं, ८०० सीसीच्या आतलं इंजिन तयारही झालं. मग युद्ध आलं आणि सरकारनं मोटार ही गरजेची वस्तू नाही असं ठरवल्यावर काम थांबलं. युद्धानंतर पुन्हा माग. १९५१ ला कापसाचा बाजार कोसळला तेव्हा मात्र नुसत्या मागावर भागेना.

पुढची गोष्ट मला फार आवडते. मिचिओचा जावई शुन्झो मासेमारी करून सायकलवर घरी येत होता आणि समोरून सोसाट्याचा वारा. पेडल मारून जीव गेला. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं म्हणे, की सायकलला छोटं इंजिन लावलं तर? १९५२ ला ‘पॉवर फ्री’ आली. ३६ सीसी. नुसतं इंजिन चालवा, नुसतं पेडल मारा, नाहीतर दोन्ही एकदम, अशी सोय. १९५४ ला कंपनीच्या नावात ‘मोटर’ आलं, १९५५ ला सुझुलाइट ही पहिली मोटार. इंजिन ३६० सीसीचं, आणि पुढची चाकं गाडी ओढणार.

इकडची कथा सगळ्यांना पाठ आहे, उरकतो. संजय गांधींची जुनी कंपनी बुडाली, ती सरकारनं घेतली, १९८१ ला मारुती उद्योग झाली. १९८२ च्या ऑक्टोबरात सुझुकीशी करार झाला, तेव्हा त्यांचा हिस्सा २६ टक्के. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंगांना पहिल्या गाडीची किल्ली दिली. आणि हा करार करणारे ओसामू सुझुकी हेही जावईच! मूळचे मात्सुदा. शुन्झोच्या मुलीशी लग्न केलं आणि सासरचं आडनाव लावलं. दोन पिढ्या घरजावयांनी कंपनी वाढवली. आपल्याकडे घरजावयाला काय काय बोलतात, असो.

२५ डिसेंबर २०२४ ला ओसामू गेले. वय ९४. बातमी वाचून मी खाली गेलो, चोक ओढला, तिसऱ्या सेल्फला गाडी चालू झाली. पाच मिनिटं नुसती घुरघुरत ठेवली. बायकोनं बाल्कनीतून विचारलं, कुठे निघालात? काय सांगणार!

तर मंडळी, ठेवू की देऊ? आणि तुमच्याकडच्या सुझुकीच्या गोष्टी येऊ द्या. शिव्याही चालतील.

चोकवाला

साहेब, नाशकात द्वारका सर्कलजवळ माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. स्क्रॅपचं नाव काढू नका.

१९९७ च्या गाडीत बिघडण्यासारखं आहेच काय? तीन सिलिंडर, ७९६ सीसी. बॉनेट उघडलं की खालची जमीन दिसते. प्लग, डिस्ट्रिब्युटर, कार्ब्युरेटर, झालं. आताच्या गाड्यांत स्कॅनर लावल्याशिवाय आम्हाला हात लावता येत नाही. ह्या गाडीत कान लावला की कळतं. टॅपेट वाजतायत का, एक सिलिंडर मारत नाही का, सगळं ऐकू येतं. मी हिच्यावरच शिकलो. उस्तादानं पहिले सहा महिने फक्त प्लग साफ करायला लावले होते.

मला एवढं सांगा. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला? आठवत नसेल तर आधी तो. दुसरं, उभ्या गाडीत पेट्रोल सडतं, कार्ब्युरेटरमधल्या जेटला, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकाला, चिकट थर धरतो. तुमची तिसऱ्या सेल्फला चालू होते याचा अर्थ तोच. तिसरं, एक्सलचे रबरी बूट बघा, फाटले असतील तर ग्रीस उडून आतला जॉइंट खलास. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवा, कट-कट आवाज आला तर समजा गेला.

पिंपळगाव_बसवंत

आमच्याकडे ओम्नी होती, २००३ ची. बागेतली कामाची गडी म्हणा ना. मागची सीट काढून टाकलेली, सीझनला द्राक्षाचे क्रेट, बाकीच्या वेळी औषधाचे डबे, ड्रिपच्या नळ्या, लग्नसराईत वऱ्हाड. एकदा तर शेळी व्याली तिच्यात. इंजिन ड्रायव्हरच्या बुडाखाली, त्यामुळे थंडीत मजा आणि एप्रिलमध्ये भाजून निघायचं.

सरकत्या दाराचा आवाज आला की बायको ओळखायची, आले. सिनेमावाल्यांनी अपहरणाची गाडी करून नाव खराब केलं बिचारीचं. पाव्हणे यायचे ते म्हणायचे, आज कुणाला उचलताय?

१९८४ ते २०१९ चालली ही गाडी, पस्तीस वर्षं! आमच्या गल्लीतली ॲम्ब्युलन्स ओम्नी, शाळेची व्हॅन ओम्नी, वडापाववाल्याची ओम्नी. येवलेकर, ठेवा गाडी. आम्ही विकली आणि पस्तावलो.

सुरक्षा_आधी

रसभंग करतो, माफी असावी.

आठवणी ठीक आहेत, पण ह्या गाड्या पत्र्याचे डबे होते हेही लिहा ना कुणीतरी. २०१४ ला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनं अल्टो ८०० आणि स्विफ्टची धडक-चाचणी घेतली, दोन्ही बिनाएअरबॅगच्या. मोठ्यांच्या सुरक्षेला दोघींना शून्य तारे. ‘कमी’ नव्हे, शून्य. १९९७ ची ८०० त्याहून जुनी. एअरबॅग नाही, एबीएस नाही. मुंबई-आग्रा हायवेवर शेजारून कांद्याचा ट्रक गेला की ती हलते, हे सगळ्यांनी अनुभवलंय.

सरकारनं २०१९ च्या जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची केली. तोवर आपण ‘ॲव्हरेज किती?’ एवढंच विचारत आलो. कंपनीनं तेच दिलं जे आपण मागितलं, हे मान्य. आणि निव्वळ झोडपायचं नाही म्हणून हेही सांगतो, २०२४ च्या नोव्हेंबरात नवीन डिझायरला त्याच संस्थेनं पाच तारे दिले. म्हणजे जमत होतं की!

येवलेकर, गाडी ठेवायची तर ठेवा. पण घाटात, हायवेला मुलांना घेऊन जाऊ नका. एवढंच.

येवलेकर

@सुरक्षा_आधी, रसभंग कसला, बरोबर बोललात. कसारा घाटात वडिलांबरोबर मागच्या सीटवर आम्ही चौघं भावंडं, मांडीवर पैठण्यांची गाठोडी. बेल्ट वगैरे कुणाच्या गावी नव्हतं. एकदा त्याच घाटात गाडी तापली, काटा लाल पट्टीत. चूक आमचीच. कूलंट संपलं म्हणून वडिलांनी महिनोन्महिने विहिरीचं पाणी ओतलं होतं, रेडिएटर आतून क्षारानं भरलेला. आईनं पिण्याच्या कळशीतलं पाणी बॉनेटवर ओतलं, वाफेचा लोट उठला, आणि मागून आलेल्या ट्रकवाल्यानं उतरून आधी आम्हाला चार शिव्या घातल्या, मग स्वतःचा पाण्याचा कॅन दिला.

@चोकवाला, टायमिंग बेल्ट कधी बदलला खरंच आठवत नाही. येतो गॅरेजला.

कॅम्पवाली

देवळाली कॅम्पातून. आमच्याकडे जिप्सी आहे, लष्कराच्या लिलावातून घेतलेली. ह्यांची सगळी नोकरी तोफखान्यात गेली, त्यामुळे जिप्सीशिवाय दुसरी गाडी ह्यांना गाडीच वाटत नाही. अंजनेरीच्या कच्च्या रस्त्यावर पावसाळ्यात लोकांच्या मोठ्या मोठ्या गाड्या चिखलात रुतून बसतात, आणि आमची ही फोर-व्हील टाकून दोरी लावून त्यांना बाहेर काढते. त्या वेळचा ह्यांचा चेहरा बघावा!

पण बसायला? रामराम. चारही बाजूंना पाट्यांची स्प्रिंग. सासूबाई एकदा त्र्यंबकला येताना बसल्या, परत रिक्षानं गेल्या.

येवलेकरांच्या गोष्टीत जिम्नी, सुझुकीची छोटी जीप, राहून गेली म्हणून लिहिते. जिप्सी म्हणजे जिम्नीचीच लांब बहीण. मूळ कल्पना सुझुकीची नव्हतीच. होप नावाच्या एका लहानशा जपानी कंपनीनं मित्सुबिशीचं इंजिन लावून छोटी जीप केली होती, ती विकली जाईना. सुझुकीनं तिचे हक्क घेतले, स्वतःचं ३५९ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन घातलं आणि १९७० ला जिम्नी आणली. गंमत अशी की जपानात छोट्या गाडीला करात सवलत होती, पण लांबी तीन मीटरच्या आत हवी. मागे स्टेपनी लटकवली तर लांबी वाढते. मग स्टेपनी टाकली आत, मागच्या एका सीटच्या जागी! गाडी तीन माणसांची आणि एक चाकाची.

आपल्याकडे जिप्सी १९८५ ला आली ती ९७० सीसीची, पुढे १३०० ची ‘किंग’. आमची किंग आहे.

ठिपका

वाचतोय. +१ जिप्सीला. फोटो टाका ना कुणीतरी.

सातपूरकर

मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं काढली, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात. आता निवृत्त. धागा गोड चाललाय, त्यात थोडं मीठ.

मारुतीनं आपल्या देशाला कारखाना कसा चालवायचा ते शिकवलं हे खरं आहे. साहेब आणि कामगार एकाच रंगाच्या कपड्यात, एकाच कँटीनमध्ये, एकाच रांगेत. आमच्याकडे तेव्हा साहेबांचं जेवणघर वेगळं, संडास वेगळा. त्यांचं बघून इथल्या कारखान्यांतही हळूहळू बदल झाला, तो मी डोळ्यांनी पाहिला. मालाचा दर्जा, वेळेवर पुरवठा, लाइनवर चूक दिसली की तिथेच थांबवायची, सगळं शिकलो आम्ही.

पण त्याच कंपनीच्या हरियाणातल्या मानेसर कारखान्यात १८ जुलै २०१२ ला काय झालं तेही लक्षात ठेवा. कंत्राटी कामगार, पगारातली तफावत, संघटनेची मान्यता, हे वर्षभर धुमसत होतं. त्या दिवशी हिंसाचार झाला, जाळपोळ झाली, एक वरिष्ठ अधिकारी मेला. कारखाना महिनाभर बंद. १४८ कामगारांवर खटला, त्यातले बरेच जण वर्षानुवर्षं तुरुंगात. २०१७ च्या मार्चमध्ये निकाल लागला. १३ जणांना जन्मठेप, आणि ११७ निर्दोष. एकशे सतरा. त्यांची ती वर्षं कोण परत देणार? मेलेल्या माणसाच्या घरच्यांना कोण काय देणार?

एका ताटात जेवणं आणि एका पंक्तीत बसणं यात फरक असतो, एवढंच मला कळलं.

गाडीबद्दल म्हणाल तर माझी वॅगनआर आहे, २०११ ची. उंच माणसाला टोपी घालून बसता येतं. तक्रार नाही.

मालेगावचा

येवलेकर भो, माग निघालाच आहे तर आमच्या गावाला विसरून कसं चालेल?

माग सोडून मोटारीकडे गेलेली सुझुकी एकटी नाही. टोयोटाही मागवालीच. साकिची टोयोडा, सुताराचा मुलगा, गाव हमामात्सूच्या जवळच. त्याचा १९२४ चा माग असा होता की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, आणि धोट्यातलं (आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नळीतलं) सूत संपलं की चालत्या मागात धोटा बदलला जायचा. १९२९ ला इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं त्याचे हक्क एक लाख पौंडाला घेतले. साकिचीच्या मुलानं पुढे मोटारी काढल्या. सातपूरकर काका म्हणतात ना, चूक दिसली की लाइन थांबवायची, ते मूळ या तुटलेल्या धाग्यातलं आहे.

आता आमच्याकडचं ऐका. माझ्या वडिलांच्या कारखान्यात बारा लूम होते, जुन्या बाजारातून घेतलेले. धागा तुटला तर लूम थांबत नव्हता, माणूस थांबवायचा. धोट्यातली सुताची कांडी संपली तर तीही माणूसच बदलायचा. रात्रपाळीला डोळा लागला की हातभर कापड वाया. मी सातवीत असताना वडिलांनी मला दोन लूमच्या मध्ये उभं केलं होतं. काम एकच, कान उघडे ठेव, आवाज बदलला की धाव. चोकवाला गाडीला कान लावतो म्हणाला तेव्हा हेच आठवलं.

आणि होंडाचा सोइचिरोही हमामात्सूकडचाच. यामाहाचा बाजाही तिथलाच. एका जिल्ह्यात एवढं सगळं! आमच्या जिल्ह्यातही माग आहेत, कारखाने आहेत, हुशार पोरं आहेत. काय कमी पडलं कुणास ठाऊक.

डिझेल_आजोबा

माझी स्विफ्ट डिझेल, २००९. नाशिक-पुणे नोकरीनिमित्त, दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर. इंजिन मात्र सुझुकीचं नव्हे हं, इटलीच्या फियाटचं, १२४८ सीसी. एके काळी निम्म्या देशात तेच धावत होतं, कंपन्या वेगळ्या, पोटात इंजिन एकच. २०२० च्या एप्रिलमध्ये धुराचा नवा नियम, बीएस-६, आला आणि मारुतीनं डिझेलच बंद केलं.

एक लाखाच्या सर्व्हिसला शहरातल्या एका वर्कशॉपनं (नाव नको) मला सांगितलं, टर्बो गेला, पंचाऐंशी हजार. गाडी ओढत नव्हती हे खरं. सिन्नरच्या एका पोरानं अर्ध्या तासात शोधलं, एअर फिल्टरमागचा रबरी पाइप उंदरानं कुरतडला होता. बिल झालं नऊशे. तेव्हापासून बॉनेटमध्ये डांबराच्या गोळ्या ठेवतो. उंदीर त्या खातात की काय देव जाणे, कमी होतात हे नक्की.

अवांतर: टोयोटाची ग्लान्झा ही सुझुकीची बलेनोच आहे, बिल्ला बदललेला. २०१९ ला टोयोटानं सुझुकीत जवळपास पाच टक्के हिस्साही घेतला. त्याआधी सुझुकीनं जर्मनीच्या फोक्सवॅगनशी संसार मांडला होता, तो मोडला, लवादापर्यंत गेलं. शेवटी शेजारच्या गावातलं मागवाल्यांचंच घर बरं!

येवलेकर

उशिरानं लिहितोय, मधे बरंच झालं.

चोकवाल्यांकडे गाडी नेली. टायमिंग बेल्टला केसासारख्या भेगा, हातात घेऊन वाकवल्यावर दिसल्या. कार्ब्युरेटर उघडून त्यांनी जेट उजेडासमोर धरला आणि मला म्हणाले, दिसतंय का काही? सुईच्या टोकाएवढं भोक, अर्धं तपकिरी थरानं बुजलेलं. तारेनं टोकरायचं नाही म्हणाले, भोक मोठं होतं. पेट्रोलमध्ये भिजवून हवा मारली. आता पहिल्या सेल्फला चालू होते. बिल सांगत नाही, बायको हा धागा वाचते.

रविवारी एकटाच निघालो (सुरक्षा_आधी, बेल्ट लावून, मुलांशिवाय). निफाडपर्यंत चाळीस-पन्नासनं. चौथा गिअर टाकल्यावर हात सवयीनं पाचवा शोधतो, तो नाहीच. विंचूरला चहा घेतला तर टपरीवाला गाडीला फेरी मारून आला, काही न बोलता.

येवल्यात काका अजून मागावर बसतात, दिवसातून दोन-तीन तास, डोळे साथ देतील तेवढे. त्यांना जुनी प्लेट दाखवली. म्हटलं, बघा, त्या पेंटरनं पाचाची कशी शेपटी काढली होती. काकांनी चष्मा वर केला, प्लेट लांब धरून बघितली.

“पेंटर कुठला? तो त्या दिवशी आलाच नाही. दसऱ्याचा मुहूर्त टळत होता, मीच रंगवली. हाताला मोराचीच सवय.”

अठ्ठावीस वर्षं वडिलांनी हे सांगितलं नाही, आणि काकांना कुणी विचारलं नाही. प्लेट तिथेच ठेवून आलो, मागाच्या फणीच्या शेजारी खिळ्याला. २०२७ चे दहा हजार बाजूला काढायला लागतोय.

चोकवाला

बेस्ट. आता पाचशे किलोमीटर झाले की एकदा टॅपेट सेटिंगला या. आणि क्लच केबल तुम्ही नको म्हणालात, पण ती बदलाच. एखाद्या दिवशी द्वारका सर्कलला मधोमध तुटेल, मग तिथले सगळे हॉर्न तुमच्या नावानं.

कॅम्पवाली

तुटली तर फोन करा, हे दोरी घेऊन तयारच आहेत.